घरचं वायरिंग नव्याने करताना: ठेकेदार, टेस्ट रिपोर्ट आणि महावितरणची तपासणी

महाराष्ट्रात राहत्या घराच्या वायरिंगसाठी नगरपालिकेच्या खिडकीवर वेगळं परमिट काढावं लागत नाही. त्यामुळे घर आपलं, वायर आपली, विचारणार कोण, अशी अनेकांची समजूत असते. विचारणारे आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरमालकाने स्वतः करायची कामं मोजकी आहेत: बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं, म्हणजे जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलणारी कामं. नवा पॉइंट, नवं सर्किट, एसीची लाइन, डीबी (घरातल्या सर्किटांना वीज वाटणारी पेटी) बदलणं ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची. तीही प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून.

‘सगळं स्वतः करा, शेवटी चार पैसे टाकून सही आणा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याला टेस्ट रिपोर्ट (वायरिंग मोजून तपासल्याचा ठेकेदाराच्या सहीचा कागद) म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. त्या कागदावरचे आकडे मीटर लावून मोजायचे असतात. ते अंदाजाने भरले असतील, तर शॉक लागल्यावर किंवा आग लागल्यावर तो कागद तुमच्याच विरोधात जातो.

पैसे वाचवायचेच असतील तर भिंतीत पाइपासाठी झिऱ्या मारणं, पाइप आणि बॉक्स बसवणं, सामान आणणं ही कामं अंगावर घ्या. मात्र ठेकेदार पहिल्या दिवशी ठरवा, शेवटच्या नव्हे. त्याच्या परवान्याचा फोटो मागून घ्या आणि मुदतीची तारीख बघा. मुदत संपलेल्या परवान्यावरचा रिपोर्ट वीज कंपनीकडून परत येतो.

लोडची बेरीज

बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. दीड टनाचा एसी साधारण १.६ किलोवॅट, गीझर २, इंडक्शन २. इथेच साडेपाचच्या वर गेलात. मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल तर भारवाढीचा अर्ज महावितरणच्या पोर्टलवर किंवा कार्यालयात करा. मुंबईत तुमची कंपनी बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर असेल तर अर्ज तिच्याकडे. अर्जातला भार आणि टेस्ट रिपोर्टमधला भार तंतोतंत जुळला पाहिजे. फाइल अडकण्याचं हे सगळ्यात फालतू कारण आहे. फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

पाइप आणि वायर

लाइटला १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, एसी-गीझरला ४. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. हिरवी वायर उरली म्हणून ती फेजला वापरणारा वायरमन त्याच दिवशी बदला. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजायची टेप लावून फोटो काढा आणि ठेकेदाराला तेव्हाच एकदा बोलवा. भिंत बंद झाल्यावर तो काय तपासणार?

अर्थिंग

पाइप अर्थिंगला किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप लागतो. प्लेट हवी असेल तर जीआयची ६०० बाय ६०० बाय ६.३ मिलिमीटर. खड्डा भिंतीपासून निदान दीड मीटर लांब हवा. नळाच्या पाइपाला वायर गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नव्हे. पुढे प्लंबरने मधला तुकडा प्लास्टिकचा टाकला की सगळं संपलं.

‘फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावा, लख्ख पेटला की अर्थिंग ओके’ ही चाचणी विसरा. पेटलेल्या त्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. अर्थिंगचा रोध २५ ओहम असला तरी तिथे जेमतेम १० व्होल्ट पडतात आणि बल्ब जवळपास पूर्ण पेटतो. खऱ्या बिघाडात मात्र त्या २५ ओहममधून फार तर ९ अँपिअर वाहतील आणि १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही. अगदी ५ ओहमचं चांगलं अर्थिंग धरलं तरी ४६ अँपिअर होतात, आणि सी प्रकारच्या १६ च्या एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात. तोवर गीझरची टाकी जिवंतच. म्हणून घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच. १०० किंवा ३०० ची स्वस्तात मिळाली म्हणून बसवू नका, ती माणसासाठी नाही. अर्थचा रोध अर्थ टेस्टरने मोजून आकडा रिपोर्टात लिहायला लावा.

मेगर आणि आरसीसीबी: गाडी इथेच अडते

इन्सुलेशनची चाचणी ५०० व्होल्ट डीसीच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने करतात. नियमाने प्रत्येक जिवंत तार आणि अर्थ यांच्यात किमान १ मेगाओहम हवा. चाचणीआधी मेन बंद करा, सगळे बल्ब काढा, टीव्ही-फ्रिजसकट प्रत्येक प्लग उपसा, पण भिंतीवरचे स्विच चालू ठेवा, नाहीतर स्विचपुढची वायर तपासलीच जात नाही. आरसीसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) वायरींमधून सोडवा. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि बोर्डावरचे इंडिकेटरही आडवे येतात. त्यामुळे आधी फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी मोजा. फेज-न्यूट्रलमधला आकडा रेग्युलेटर, इंडिकेटर काढल्यावरच घ्या.

आता १ मेगाओहमबद्दल. ती पास होण्याची किमान रेषा आहे. नव्या कोऱ्या वायरिंगला आकडा यापेक्षा कितीतरी पट वर आला पाहिजे. नव्या घरात २ किंवा ३ आला तर ‘पास आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. एकतर पाइपात पाणी आहे, नाहीतर बोर्डाच्या स्क्रूने वायर सोलली आहे. कोकणात पावसाळ्यात ओल्या प्लास्टरवर मेगर लावला तर आकडा हमखास पडतो. थोडं सुकू द्या, पुन्हा मोजा. सुकूनही एकाच सर्किटचा आकडा खालीच राहिला, तर त्या सर्किटचे बोर्ड एकेक करून उघडा. बहुतेकदा बॉक्सच्या कडेला दाबली गेलेली वायर सापडते.

मेगर पास झाला आणि तरी लोड टाकला की आरसीसीबी पडते, अशा वेळी ‘आरसीसीबी नाजूक आहे, काढून टाका’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आरसीसीबी फक्त फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सारखा आहे का ते बघते. सारखा नसेल तर दोष वायरिंगचा किंवा एखाद्या उपकरणाचा. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे उसना न्यूट्रल: जिन्याच्या लाइटला फेज खालच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या. एकच आरसीसीबी असली तर हे झाकून जातं, मजल्यागणिक वेगळी लावली की लगेच उघडं पडतं.

न्यूट्रल कुठे एकत्र आले आहेत ते शोधायचं असं: मेन बंद, मेगरच्या वेळेसारखे बल्ब आणि प्लग काढलेले. न्यूट्रल बारवरून सगळे न्यूट्रल सोडवा आणि प्रत्येकावर सर्किटचं नाव चिकटवा. आता दोन-दोन न्यूट्रलमध्ये आणि प्रत्येक न्यूट्रल-अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन न्यूट्रल एकमेकांशी बोलले, म्हणजे मीटरने जोडणी दाखवली, तर कुठल्यातरी बॉक्समध्ये ते जोडलेले आहेत. न्यूट्रल अर्थशी बोलला, तर सॉकेटमागे काळी-हिरवी एकत्र आली आहे. एकेक एमसीबी पाडून हा दोष सापडत नाही, कारण सिंगल पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. यातच लोकांचा अख्खा दिवस जातो.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक भानगड. इन्व्हर्टरची इनपुट आरसीसीबीच्या आधीच्या फेजवरून घेतली आणि लाइटचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या बारवर आणला, की लाइट लावताच ती पडणार. इनपुट त्याच आरसीसीबीनंतर घ्या. वीज गेल्यावर, म्हणजे बॅटरीवर चालताना, ही आरसीसीबी त्या पॉइंटना वाचवेलच असं नाही. तेव्हाही संरक्षण हवं असेल तर इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळी आरसीसीबी आणि तिचा वेगळा न्यूट्रल बार लावा.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण फक्त तिची यंत्रणा चालते का ते सांगतं. अर्थिंग आहे की नाही याचा त्याला पत्ताच नसतो. प्रत्येक सॉकेटवर वेगळा टेस्टर लावून ती पडते का, ते ठेकेदाराकडून करून घ्या.

कागद आणि भेट

रिपोर्टात इन्सुलेशनचे आकडे, अर्थचा रोध, एकूण भार, ठेकेदाराचा परवाना क्रमांक, पर्यवेक्षकाची सही आणि तारीख हवी. आकड्यांच्या रकान्यात नुसतं ‘ओके’ लिहिलेला रिपोर्ट स्वीकारू नका. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर तिच्या सामायिक जोडणीचं प्रकरण विद्युत निरीक्षकाकडे जातं, पण ते बिल्डर किंवा सोसायटीने बघायचं.

मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. मीटर हलवणं, सर्व्हिस वायर बदलणं ही कामं कंपनीची. सील तुटलेलं दिसलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १३५ आणि १३८ खाली प्रकरण होऊ शकतं, आणि मग वायरिंग कितीही चोख असलं तरी उपयोग नाही.

तपासणीला वीज कंपनीचा माणूस येईल तेव्हा डीबीचं झाकण उघडता येईल असं ठेवा, प्रत्येक एमसीबीवर सर्किटचं नाव लिहा, अर्थिंगच्या खड्ड्यावर फरशी टाकून तो बंद करू नका. रिपोर्टची झेरॉक्स आणि भिंतींचे फोटो एकाच फाइलमध्ये ठेवा. भारवाढ मंजूर झाल्यावर पुढच्या बिलावर नवा मंजूर भार आला का ते तपासा. नसेल आला तर अर्जाच्या क्रमांकासह लगेच लेखी तक्रार द्या.