लहान मुलांना घेऊन पवनेला कॅम्पिंगला जाताय? मग या चुका टाळा

लोणावळ्याजवळच्या पवना धरणाच्या काठावर टेंटमध्ये एक रात्र राहून यायचं हे पुण्या-मुंबईच्या बहुतेक घरांत कधी ना कधी ठरतंच, आणि ठरतं ते रील बघून. समोर पाणी, मागे तुंग नाहीतर तिकोना किल्ला, टेंटवर लाइटच्या माळा. आम्हीपण तसंच ठरवलेलं, मुलगी तेव्हा चार वर्षांची आणि सोबत सासूबाई. पहाटे साडेपाचला मला टेंटची चेन उघडल्याचा आवाज आला, उठून बघते तर ही बाजूला नाही, धावत बाहेर गेले तर बाईसाहेब दोन्ही हातांत चपला घेऊन अगदी पाण्याच्या कडेला उभ्या, आणि टेंटपासून ते पाणी किती लांब, तर माझी जेमतेम दहा-बारा पावलं. अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच सांगते, टेंट पाण्याला खेटून असला की जागा भारी असं समजायचं. कॉलेजच्या ग्रुपला असेल भारी, पण दहा वर्षांच्या आतली मुलं सोबत असतील तर पाण्यापासून निदान शंभर-दीडशे पावलं मागे, थोडी वरच्या टप्प्यावरची आणि मधे कुंपण किंवा गेट असलेली जागा शोधा, पाणी तिथूनही तेवढंच सुंदर दिसतं.

आणि हे धरण आहे, बीच नाही, हे मुलांनाच नाही तर सोबतच्या मोठ्यांनाही सांगा. पाण्याखाली जुनी शेतं, बांध, खड्डे आहेत, त्यामुळे एका पावलाला गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत असं होतं, वर गाळात पाय रुतला की पोहता येणाराही घाबरतो. "कडेकडेनेच खेळतायत" म्हणून गाफील राहू नका. बोटिंग करायचंच असेल तर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का विचारा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून वर निघून येतं, त्याचा उपयोग शून्य.

दुसरी चूक, फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते न विचारणं. ते हिरवेगार फोटो असतात सप्टेंबर-ऑक्टोबरचे, धरण भरलेलं असतानाचे. एप्रिल-मे मध्ये पाणी इतकं मागे जातं की एरवी पाण्याखाली असलेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, आणि तेव्हा "लेकसाइड" टेंटच्या पुढ्यात भेगा पडलेली जमीन असते. म्हणून "कालचा किंवा आजचा व्हिडिओ पाठवा, टॉयलेटपासून टेंटपर्यंत चालत शूट करा" असं सरळ सांगा. खरा कॅम्पवाला असेल तर पाच मिनिटात पाठवतो. जो टाळाटाळ करतो, किंवा पूर्ण पैसे आधी मागतो आणि लोकेशन मात्र "निघालात की पाठवतो" म्हणतो, तिथे अ‍ॅडव्हान्स टाकूच नका, कारण एका जागेचे फोटो दाखवून भलत्याच शेतात नेऊन उतरवायचे प्रकार इथे होतात. गावाचं नाव विचारा, ठाकूरसई, आपटी, ब्राह्मणोली, काय ते, आणि मॅपवर स्वतः बघा.

टॉयलेटचं तर मी हात जोडून सांगते. किती टेंट आणि किती टॉयलेट हे विचारा. आमच्या वेळी पंचवीसेक टेंटना मिळून तीन होते, त्यातलं कमोड एकच, आणि रात्री त्यातला बल्ब गेलेला. गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना मी मोबाइलचा टॉर्च धरून, ओल्या उतारावरून हात धरून नेत होते, तेही रात्रीत तीनदा. तेव्हापासून ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर टॉयलेटच्या जवळचा टेंट आधीच सांगून ठेवतो आणि एक चार्जिंगचा दिवा, साबण, टिश्यू आपलाच नेतो.

शेजार कसा आहे हेही बघा. शनिवारची रात्र म्हणजे ग्रुप, दारू आणि स्पीकर. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, पण रात्री एक वाजता तुम्ही भांडणार कुणाशी? बुक करतानाच विचारा की फॅमिलीचे टेंट वेगळ्या भागात आहेत का, आणि जमलं तर शुक्रवार किंवा रविवारची रात्र घ्या, खूप फरक पडतो. जेवणाचंही तेच, संध्याकाळी बार्बेक्यू आणि मेन जेवण साडेनऊ-दहाला, तोपर्यंत मुलं उपाशी झोपून जातात. "मुलांना साडेसातला वरणभात द्या" म्हटलं की देतात, फक्त आधी सांगावं लागतं.

टेंट ताब्यात घेतल्या घेतल्या आत आडवं होऊन बघा. जमीन उताराची असेल तर डोकं वरच्या बाजूला करा, नाहीतर आडवं झोपलेलं पोर सकाळपर्यंत घरंगळत कोपऱ्यात जातं. रात्री दोरी ढिली असेल तर वाऱ्याने टेंट फडफडतो, खुंट्या तेव्हाच ठोकून घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आतून थेंब गळायला लागतात, तर टेंट फाटलाय असं वाटतं, पण तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो, वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवली की कमी होतो. आणि कितीही थंडी वाजली तरी कोळशाची सिगडी टेंटमध्ये घ्यायची नाही, विझत आलेलीसुद्धा नाही! कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. चेन पूर्ण लावून झोपा, कारण मण्यार, हा विषारी साप, रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुतेक वेळा चावते, चावलेलं फारसं दुखतही नाही. नुसता संशय आला तरी मांत्रिक नाही, घरगुती उपाय नाही, लगेच १०८ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स.

आता कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन जाणाऱ्यांसाठी. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं तेव्हापासून भाड्याने गाड्या मिळायला लागल्यात, पण "कॅराव्हॅन चालेल" म्हणजे बऱ्याचदा नुसतं पार्किंग. सपाट, मुरूम टाकलेली जागा आहे का (नुसत्या मातीवर एक सर आली की चाकं रुतली), अर्थिंगवाला सोळा अँपिअरचा पॉइंट आहे का, वाटेत वायरी खाली लोंबतायत का, हे विचारा. मोठ्या गाडीला लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीच्या उतारापेक्षा कामशेतवरून पवनानगरचा रस्ता बरा. आणि टॉयलेटची टाकी कुठे रिकामी करायची हे आधी ठरवा, धरणाकडे तर अजिबात नको, हेच पाणी पिंपरी-चिंचवडची घरं पितात.

शेवटचं म्हणजे उशिरा पोचू नका. चेक-इन बहुतेक ठिकाणी चारचं असतं, तर चारलाच पोचा आणि सामान उतरवायच्या आधी पाणी, टॉयलेट, टेंट सगळं फिरून बघा. नाही पटलं तर उजेडातच निघा, लोणावळा तासाभरावर आहे, तिथे रूम बघता येते. अ‍ॅडव्हान्स गेला तर गेला, पण रात्री अकराला झोपलेली पोरं खांद्यावर टाकून तीच दुधिवरे खिंड अंधारात चढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.