गाडी ऑइल खातेय? आधी धूर कधी येतो ते बघा

सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला की लगेच इंजिन खोलायला देऊ नका. स्पोर्ट्स कारचं इंजिनकाम फार महाग पडतं.

चाळीसगावहून कन्नड घाट चढा आणि उतरा, मागच्या गाडीत मित्राला बसवा. चढताना दाबून रेस दिल्यावर निळा धूर सतत येत असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी उतरवली आणि खाली पुन्हा रेस देताच निळा लोट आला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असण्याची शक्यता जास्त, कारण बंद थ्रॉटलमागचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेमागचा) व्हॅक्यूम ऑइल आत ओढतो. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना धूर आला, तरी सीलच बघा. टर्बो असेल तर त्याचेही. पोर्शे ९११ सारख्या आडव्या सिलिंडरच्या इंजिनात मात्र सकाळी स्टार्ट करताना क्षणभर धूर येणं नेहमीचंच.

पांढरा धूर टिकून राहिला आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

धूर नाही पण ऑइल घटतंय? रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, डाग दिसेल.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा पुन्हा जळायला आत सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) सर्वांत आधी तपासून घ्या. तो स्वस्त असतो आणि अडकला तर हाच निळा धूर देतो. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं: सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजल्यात. ऑइलची पातळी दर वेळी सपाट जागीच मोजा, आणि भुसावळच्या मे महिन्यात तर दर आठवड्याला.