पर्लच्या पोटातला स्केलर: सी सोर्स पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

पर्लमध्ये एका व्हेरिएबलमध्ये आत्ता आकडा ठेवा, पुढच्या ओळीत मजकूर ठेवा, त्यानंतर एखाद्या ॲरेचा रेफरन्स ठेवा. भाषा कशालाच हरकत घेत नाही. पण पर्लचा इंटरप्रिटर, म्हणजे पर्लचं कोड चालवणारा प्रोग्रॅम, सीमध्ये लिहिलेला आहे आणि सीमध्ये प्रत्येक गोष्टीचा टाइप आधी सांगावा लागतो. मग आत नेमकं काय चालतं? पर्लसाठी सी एक्स्टेन्शन लिहायची वेळ आली तेव्हा हा प्रश्न मला टाळता आला नाही, आणि तेव्हापासून या कोडबद्दलची ओढ कमी झालेली नाही. तुम्ही आता पहिल्यांदा हे सोर्स उघडणार असाल, तर मला ज्या क्रमाने ते उमगलं तो क्रम सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. 'या व्हॅल्यूचा टाइप काय?' हा प्रश्न पर्लच्या स्केलरला, म्हणजे एका वेळी एकच व्हॅल्यू धरणाऱ्या व्हेरिएबलला, विचारून फारसं हाती लागत नाही. विचारायचं ते असं: या क्षणी या व्हॅल्यूची कुठली रूपं तयार आहेत आणि त्यातल्या कुठल्या रूपावर विश्वास ठेवता येतो? सोर्समधली बरीचशी गुंतागुंत या प्रश्नाच्या उत्तरासाठीच आहे.

सुरुवात हेडर फाइलपासून करू नका. पर्लसोबतच डेव्हेल-पीक नावाचं मॉड्यूल येतं, त्यातलं डम्प हे फंक्शन वापरा. कुठलाही स्केलर त्याला दिला की त्या स्केलरची आतली रचना ते स्टँडर्ड एररवर छापतं: प्रकार, पत्ते, रेफरन्स काउंट, फ्लॅग, इंटिजर, मजकूर, सगळं. एका खिडकीत डम्प आणि दुसऱ्या खिडकीत 'एसव्ही डॉट एच' अशी मांडणी करून बसलं, की नुसतं स्ट्रक्चर वाचून आठवडाभर न कळणारी गोष्ट एका दुपारी कळते.

प्रत्येक स्केलरला एक 'हेड' असतं, एसव्ही नावाचं छोटं स्ट्रक्चर. ६४ बिटच्या मशीनवर ते २४ बाइटचं भरतं. पहिले ८ बाइट म्हणजे 'बॉडी'कडे जाणारा पॉइंटर. पुढच्या ४ बाइटमध्ये रेफरन्स काउंट, म्हणजे हा स्केलर किती ठिकाणी धरून ठेवलाय तो आकडा, त्यापुढच्या ४ मध्ये फ्लॅग आणि शेवटच्या ८ बाइटचं एक युनियन. त्या युनियनमध्ये कधी मजकुराच्या बफरचा पत्ता असतो, कधी दुसऱ्या एसव्हीचा, तर कधी थेट इंटिजर. बाकी जे लागेल ते बॉडीत. हेड कायम एकाच मापाचं राहतं, त्यामुळे बाकीचा इंटरप्रिटर निर्धास्तपणे हेडचा पॉइंटर धरून ठेवतो. बॉडी मात्र मागच्या मागे बदलता येते. गरज पडली की लहान बॉडी जाऊन मोठी येते, आणि स्केलरचा पत्ता होता तोच राहतो.

खरी मेख फ्लॅगमध्ये आहे, इथे घाई करू नका. त्या ३२ बिटांतला सर्वात खालचा बाइट स्केलरचा अंतर्गत प्रकार सांगतो: नुसता इंटिजर म्हणजे आयव्ही, दशांश म्हणजे एनव्ही, मजकूर म्हणजे पीव्ही, मग पीव्हीआयव्ही, पीव्हीएनव्ही वगैरे. पण हा प्रकार फक्त कुठल्या रूपांसाठी जागा केलेली आहे एवढंच सांगतो. त्या जागेत आत्ता खरी किंमत आहे का, हे वरचे बिट सांगतात: इंटिजर वैध, दशांश वैध, मजकूर वैध, रेफरन्स वैध. हेक्साडेसिमलमध्ये हे 'जाहीर' फ्लॅग अनुक्रमे १००, २००, ४०० आणि ८००. पहिल्या तिघांची खाजगी आवृत्ती चार बिट डावीकडे सरकून बसते: १०००, २०००, ४०००. डम्पमध्ये खाजगी फ्लॅगच्या नावाआधी लहान 'पी' दिसतो.

खाजगी आवृत्ती कशाला लागते, हे तीन उदाहरणांत उलगडतं. तिन्ही स्वतः चालवून पाहा.

पहिलं: व्हेरिएबलमध्ये '४२' हा मजकूर ठेवा, त्यात शून्य मिळवा आणि डम्प करा. बेरजेपूर्वी तो निव्वळ पीव्ही होता, आता पीव्हीआयव्ही झालेला दिसेल. बेरजेसाठी पर्लला इंटिजर लागला, मजकूर वाचून तो काढला आणि पुन्हा लागेल म्हणून तिथेच ठेवून दिला. आता मजकूर आणि इंटिजर दोन्ही वैध आहेत, दोन्ही जाहीर फ्लॅग लागलेले आहेत. तुम्ही व्हेरिएबल फक्त वाचलंत, त्याला काही असाइन केलं नाहीत, तरी त्याची आतली रचना बदलली. सीमधून येणाऱ्या माणसाला हे खटकतं, पण इथे वाचणं म्हणजे 'हात न लावणं' नव्हे.

दुसरं: ३.७ ठेवा आणि ती व्हॅल्यू ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरा. इंडेक्सला इंटिजर हवा, म्हणून ३ काढून साठवला जातो. पण ३ हे ३.७ चं विश्वासू रूप नाही. म्हणून इंटिजरचा खाजगी फ्लॅग लागतो, जाहीर लागत नाही. पुढच्या वेळी इंडेक्स हवा असेल तर ३ तयार आहे. बेरीज करायची असेल तर कोड जाहीर फ्लॅग बघतो आणि ३.७ च उचलतो.

तिसरं: '४२अबक' असा मजकूर घ्या आणि त्यात शून्य मिळवा. वॉर्निंग चालू असतील तर हे आकडा नाही अशी तक्रार येईल, उत्तर ४२ येईल. डम्पमध्ये मजकुराचा जाहीर फ्लॅग तसाच असेल आणि आकड्यांचे फक्त खाजगी. आकडा काढून ठेवलाय, पण हा स्केलर आकडा आहे असं पर्ल कोणाला सांगायला तयार नाही. जाहीर म्हणजे 'ही किंमत खरी', खाजगी म्हणजे 'मागितलीत तर ही देईन', असं मी ते लक्षात ठेवलं.

याचा रोजच्या कामाशी संबंध काय, असं वाटेल. जेसन हा डेटा देवाणघेवाणीचा फॉरमॅट तयार करणाऱ्या कोणत्याही कोडला एक निर्णय घ्यावाच लागतो: ही व्हॅल्यू अवतरणचिन्हांत लिहायची की उघडा आकडा म्हणून? पर्लमध्ये त्याचं उत्तर या फ्लॅगमध्येच शोधावं लागतं. जुन्या आवृत्त्यांत एखादा इंटिजर नुसता लॉगमधल्या वाक्यात घातला, तरी त्याला मजकुराचा जाहीर फ्लॅग लागायचा आणि मग तो जेसनमध्ये अवतरणचिन्हांत जायचा. समोरच्या टोकाला काटेकोर टाइप तपासणारी भाषा असेल तर सगळं अडलंच. २०२२ मध्ये आलेल्या ५.३६ मध्ये हे सुधारलं. आता इंटिजरचा मजकूर काढला तर मजकुराचा फक्त खाजगी फ्लॅग लागतो, त्यामुळे मूळचा आकडा कोण आणि मूळचा मजकूर कोण हे सांगता येतं. ते विचारण्यासाठी बिल्टइन फंक्शनंही त्याच आवृत्तीत आली. एका बिटचा अर्थ बारकाईने बदलून इतक्या वर्षांची अडचण सोडवली गेली, मला हा बदल फार सुंदर वाटतो.

बॉडीचा प्रकार चढतो, पण उतरत नाही. पीव्हीआयव्ही झालेला स्केलर पुन्हा साधा आयव्ही होत नाही, अपग्रेड करणारं फंक्शन खालच्या प्रकाराकडे जायला साफ नकार देतं. याचा व्यवहारातला परिणाम असा, की मोठी फाइल एका व्हेरिएबलमध्ये वाचून नंतर त्यात ५ टाकला, तरी जुना मोठा बफर त्या स्केलरला चिकटून राहतो. अनडेफ, म्हणजे 'किंमतच नाही' ही किंमत, असाइन केल्यानेही तो सुटत नाही. अनडेफ हे फंक्शन म्हणून त्या व्हेरिएबलवर चालवलं तरच बफर मोकळा होतो. बराच वेळ चालणाऱ्या प्रोसेसची मेमरी का फुगते हे शोधत असाल तर इथे एकदा बघाच.

आता माझी आवडती युक्ती. निव्वळ इंटिजर ठेवायला वेगळी बॉडी घेणं उधळपट्टी, कारण हेडच्या युनियनमध्ये ८ बाइट मोकळे असतात. पण इंटिजर वाचणारा मॅक्रो तर बॉडीच्या पॉइंटरवरून ठरावीक अंतरावर जाऊन वाचतो. प्रत्येक वाचनात 'बॉडी आहे का?' असं विचारत बसलं तर वेग जातो. म्हणून बॉडीचा पॉइंटर मुद्दाम हेडच्या आधीच्या एका पत्त्यावर लावला जातो, असा की ते ठरावीक अंतर चाललं की आपण नेमके हेडच्याच युनियनवर येतो. त्या पत्त्यावर बॉडी नाहीच, तरी मॅक्रोला काहीच कळत नाही. ६४ बिटच्या मशीनवर साध्या इंटिजरच्या डम्पची पहिली ओळ बघा. तिथले दोन पत्ते एकमेकांपासून १६ बाइटवर दिसतील, तीच ही युक्ती. जिथे दशांश संख्याही त्या ८ बाइटमध्ये मावते, तिथे ५.२२ पासून तिलाही हीच सोय मिळाली.

मजकुराचं प्रकरण थोडक्यात. लांबी वेगळी आणि बफरचं माप वेगळं असं साठवलेलं असतं, त्यामुळे मजकुरात शून्य बाइट असला तरी चालतो. म्हणून सीचं स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन इथे कधीच वापरू नका. सुरुवातीची अक्षरं कापली की उरलेला मजकूर हलवत बसण्याऐवजी बफरचा पॉइंटरच पुढे सरकतो आणि किती सरकला ते कापलेल्या जागेतच नोंदवलं जातं. ५.२० पासून मजकूर कॉपी करताना बफर सामायिक ठेवण्याची पद्धत सरसकट लागू झाली. किती जण तो बफर वापरतात याची संख्या बफरच्या शेवटच्या बाइटमध्ये असते. एक्स्टेन्शन लिहिताना बफरमध्ये थेट लिहायचं असेल तर आधी 'फोर्स' नावाचा मॅक्रो वापरून तो बफर स्वतःचा करून घ्यावा लागतो, नाहीतर भलत्याच व्हेरिएबलचा मजकूर बदलतो.

मॅक्रोंच्या नावांकडे नीट लक्ष द्या. इंटिजर मागणारा साधा मॅक्रो फ्लॅग तपासतो आणि गरज असेल तर रूपांतर करतो. ज्याच्या शेवटी 'एक्स' आहे तो काहीही न तपासता थेट त्या जागेतून उचलतो. फ्लॅग तुम्ही स्वतः आधी तपासला असेल तेव्हाच 'एक्स'वाला वापरा. तिसरं कुटुंब 'नोएमजी' या शेवटाचं, आणि त्याचा संबंध मॅजिकशी. मॅजिक म्हणजे स्केलरला जोडलेली फंक्शनांची साखळी, जी वाचताना किंवा लिहिताना आपोआप चालते. रेगेक्समधला पहिला गट देणारं व्हेरिएबल असंच असतं: त्याच्यात मजकूर साठवून ठेवलेला नसतो, वाचाल तेव्हा तो शेवटच्या यशस्वी मॅचमधून आणला जातो. टाय केलेल्या, म्हणजे वाचन-लेखन आपण लिहिलेल्या फंक्शनांकडे सोपवलेल्या, व्हेरिएबलचंही तेच. म्हणून एकाच स्केलरकडे आधी आकडा आणि मग मजकूर मागितला, तर किंमत आणणारं फंक्शन (फेच) दोनदा चालू शकतं. शिस्त अशी की मॅजिक सुरुवातीला एकदा चालवायचं आणि पुढे 'नोएमजी' मॅक्रो वापरायचे.

रेफरन्स काउंट नव्यांना सर्वात जास्त छळतो. नवा एसव्ही १ या काउंटने जन्मतो. तो फंक्शनमधून परत द्यायचा असेल तर 'मॉर्टल' करायचा, म्हणजे काउंट थोड्या वेळाने एकने कमी होईल अशी नोंद करून ठेवायची. हॅशमध्ये किंवा ॲरेमध्ये ठेवला तर तुमच्याकडचा काउंट त्या कंटेनरकडे जातो. मॉर्टलही केला आणि कंटेनरमध्येही ठेवला, तर काउंट न वाढवल्यामुळे कंटेनरच्या हातात मेलेला स्केलर उरतो. अनडेफ, खरं आणि खोटं यांचे तीन एसव्ही मात्र कधीच मरत नाहीत, इंटरप्रिटरभर तेच फिरतात. ते फंक्शनमधून परत द्यायला उत्तम, पण ॲरे-हॅशमध्ये साठवायला नाहीत. तिथे दरवेळी नवा एसव्ही करा.

इतर इंटरप्रिटरनी वेगळे मार्ग घेतले आहेत, आणि पर्ल समजल्यावर ते पाहण्यात खरी मजा येते. सीपायथनमध्ये प्रत्येक व्हॅल्यू हा स्वतंत्र ऑब्जेक्ट, काही लहान इंटिजर आधीच तयार ठेवलेले. सी रुबी लहान इंटिजरसाठी ऑब्जेक्ट करतच नाही, पॉइंटरचा शेवटचा बिट १ करून आकडा त्यातच कोंबते. पीएचपीने २०१५ च्या ७ व्या आवृत्तीत आपली झेडव्हॅल, म्हणजे एक व्हॅल्यू साठवणारं स्ट्रक्चर, १६ बाइटवर आणली. लुआजिटने तर दशांश संख्यांच्या मांडणीतल्या 'आकडा नाही' या रूपातले न वापरलेले बिट टाइप साठवायला घेतले. या चौघांत एक व्हॅल्यू एका वेळी एकाच टाइपची असते. आकडा आणि मजकूर दोन्ही शेजारी बाळगणारा स्केलर हे पर्लचं वेगळेपण. त्यामुळेच पर्लमधलं सिस्टिम एररचं व्हेरिएबल आकड्याच्या जागी एरर क्रमांक देतं आणि मजकुराच्या जागी एररचा संदेश.

वाचनाचा क्रम म्हणाल तर आधी पर्लसोबत येणारं 'पर्लगट्स' हे दस्तऐवज, निदान व्हेरिएबलांचा भाग. मग 'एसव्ही डॉट एच'चा वरचा हिस्सा, फ्लॅगच्या व्याख्यांपर्यंत. 'एसव्ही डॉट सी' पंधरा हजारांहून जास्त ओळींची फाइल आहे, ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेऊ नका. त्यातली तीनच फंक्शनं निवडा: मजकुरातून इंटिजर काढणारं, अपग्रेड करणारं आणि एका स्केलरमधून दुसऱ्यात असाइन करणारं. पहिल्यात शिरताना वरचं '४२अबक'चं उदाहरण डीबगरमध्ये चालवा आणि जाहीर फ्लॅग नेमक्या कुठल्या ओळीवर काढून घेतला जातो ते शोधा. ती ओळ सापडली की उरलेल्या दोन फंक्शनांत फ्लॅग बदलणारी प्रत्येक ओळ तुम्हाला स्वतःहून थांबवेल.