कर्नलमधील परस्परावलंबी बदल अनेक मेंटेनरांच्या हातून कसे न्यावेत

लिनक्स कर्नलमधील, म्हणजे लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, एखादे काम दोन-तीन उपप्रणालींना स्पर्श करत असेल, तर कोणता पॅच (कोडमधील एक बदल) कोणाच्या ट्रीमधून (कोडच्या प्रतीतून) आणि कोणत्या क्रमाने जाणार, हे पहिला पॅच पाठवण्यापूर्वीच ठरवावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील ज्या विद्यार्थ्यांना आणि अभियंत्यांना कर्नलमध्ये काम करायचे आहे, त्यांनी ही पद्धत आधी समजून घ्यावी. चांगला लिहिलेला कोडही केवळ मार्ग न ठरवल्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहू शकतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीतून आलेला भाग दुसऱ्या शॉपमध्ये मशीनिंगला जातो आणि तिसरीकडे जोडला जातो. बोअरचे माप बदलायचे ठरल्यावर आधी कोणी बदलायचे हे सांगितले नाही, तर माल मध्येच अडतो. कर्नलमध्येही प्रत्येक उपप्रणालीचा मेंटेनर, म्हणजे तिची जबाबदारी घेणारा, आपली स्वतंत्र ट्री गिट या आवृत्ती-नोंद साधनात सांभाळतो आणि त्या सर्व ट्री दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोमध्ये (नवे बदल मुख्य शाखेत घेण्याच्या काळात) कर्नलचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचतात. त्या कोणत्या क्रमाने पोहोचतील, हे आपल्या हातात नसते. शिवाय दोष कोणत्या बदलाने आला हे शोधण्यासाठी गिट बायसेक्ट वापरणारा माणूस कोणत्याही कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) थांबू शकतो, म्हणून पॅचच्या मालिकेतील प्रत्येक कमिटनंतर कर्नल बिल्ड झाला पाहिजे आणि चालला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. बोर्डवरील पॉवर मॅनेजमेंट चिपमध्ये रेग्युलेटर, घड्याळ आणि जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिना) असे तीन भाग आहेत. मूळ ड्रायव्हर एमएफडी (अनेक कामे करणाऱ्या चिपच्या) उपप्रणालीत जातो, बाकीचे तीन आपापल्या उपप्रणालीत जातात आणि चिपच्या रजिस्टरांची व्याख्या एमएफडीच्या हेडर फाइलमध्ये असते. सर्वप्रथम मेंटेनरांची नोंद ठेवणारी फाइल आणि तिच्यासोबतची गेट-मेंटेनर स्क्रिप्ट वापरून चारही मेंटेनरांची नावे काढावीत. त्यानंतर अवलंबित्व कोणत्या प्रकारचे आहे, याचा शांतपणे विचार करावा. माझ्या मते या टप्प्यावर दिलेला वेळ सर्वाधिक सार्थकी लागतो.

रेग्युलेटरचा ड्रायव्हर केकॉन्फिगमध्ये (कर्नलचे बिल्ड-पर्याय ठरवणाऱ्या फाइलमध्ये) मूळ ड्रायव्हरच्या पर्यायावर अवलंबून ठेवला असेल आणि तो पर्याय रेग्युलेटरच्या ट्रीमध्ये अजून आलेलाच नसेल, तर हा ड्रायव्हर तेथे बिल्डच होत नाही आणि त्यामुळे काही मोडतही नाही. अशा वेळी चारही मेंटेनर आपापला पॅच स्वतंत्रपणे घेऊ शकतात आणि मुख्य शाखेत सर्व एकत्र आल्यावर चिप चालू लागते. परंतु तो पर्याय ट्रीमध्ये असूनही हेडरमधील नवी व्याख्या नसेल, किंवा आधीपासून असलेल्या फंक्शनची सिग्नेचर (घेतली जाणारी व परत दिली जाणारी मूल्ये) बदलली असेल, तर बिल्ड निश्चितपणे तुटते. मग तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग म्हणजे संपूर्ण मालिका एकाच ट्रीमधून नेणे. त्यासाठी इतर मेंटेनरांची अ‍ॅक्ड-बाय अशी लेखी संमती घ्यावी लागते. मालिका लहान असेल, तर हाच मार्ग धरावा. दुसरा मार्ग अपरिवर्तनीय ब्रँचचा आहे. एक मेंटेनर आरसी-1 वर (मर्ज विंडो संपताच निघणाऱ्या पहिल्या चाचणी आवृत्तीवर; पुढच्या आरसी-2, आरसी-3 अशा) आधारलेली ब्रँच काढतो, तिच्यात फक्त सामाईक पॅच ठेवतो, तिला डिजिटल सही केलेला टॅग लावतो आणि नंतर तिला हात लावत नाही. दुसरा मेंटेनर तीच ब्रँच आपल्या ट्रीमध्ये ओढून घेतो. दोन्हीकडे कमिटचा हॅश (ओळखचिन्ह) एकच असल्याने कोणाची ट्री आधी गेली तरी बिघडत नाही. तोच पॅच दोघांनी वेगवेगळा लावला, तर इतिहासात तो दोनदा दिसतो आणि त्यावर पुढे काम झाले असेल, तर मर्ज करताना संघर्ष उद्भवू शकतो. ही ब्रँच मेंटेनर काढतो. आपण ती नम्रपणे सुचवावी.

तिसरा मार्ग संथ आहे: पायाभूत पॅच या चक्रात आणि त्यावर उभे असलेले पॅच पुढच्या चक्रात पाठवायचे. एक चक्र साधारण नऊ ते दहा आठवड्यांचे असल्याने दोन चक्रांना सुमारे साडेचार महिने लागतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्याने प्रकल्प निवडताना हा हिशेब आधीच करावा, कारण तेवढ्यात एक सत्र संपून जाते. शेकडो ठिकाणी वापरलेले फंक्शन बदलताना मात्र संथ मार्गच योग्य ठरतो. जुने फंक्शन तसेच ठेवून नवे आणावे, वापरकर्त्यांना एकेका उपप्रणालीतून वळवावे आणि शेवटी जुने काढावे. मजकूर कॉपी करणारे strscpy हे फंक्शन 2015 मध्ये आले आणि ज्याची जागा त्याने घेतली, ते strlcpy 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 6.8 आवृत्तीतून काढले गेले. दरम्यान नवे वापरकर्ते येतच राहतात, म्हणून जुने काढून टाकणारा पॅच मर्ज विंडो संपता संपता पाठवणे सुरक्षित असते.

डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवरील हार्डवेअरच्या वर्णनाच्या) बाबतीत ते वर्णन कसे लिहावे हे सांगणारा बाइंडिंगचा दस्तऐवज ड्रायव्हरसोबत जातो, तर बोर्डची प्रत्यक्ष डीटीएस (वर्णनाची) फाइल एसओसीच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, मेंटेनरकडे जाते.

मार्ग ठरला की तो मालिकेच्या प्रास्ताविक पत्रात स्पष्ट लिहावा. ‘पॅच 1 मधील हेडर पॅच 2 ते 4 यांना बिल्डसाठी आवश्यक आहे, सर्व पॅच एमएफडी ट्रीमधून जावेत, अशी विनंती आहे’ एवढे पुरते. हे पत्र आणि पूर्ण मालिका सर्व मेंटेनरांना पाठवावी, कारण केवळ आपला पॅच पाहणाऱ्याला बाकीचे चित्र दिसत नाही. मालिका आरसी-1 वर आधारावी आणि पॅचची पत्रे तयार करणारी गिटची फॉरमॅट-पॅच ही आज्ञा चालवताना बेसचा पर्याय देऊन आधारभूत कमिट नोंदवावे. सर्व मेंटेनरांचे बदल एकत्र करणारी लिनक्स-नेक्स्ट ही ट्री कामाच्या दिवशी रोज नव्याने बांधली जाते, म्हणून चाचणीसाठी ती उत्तम असली तरी मालिका तिच्यावर आधारू नये.

येथून सकाळी पाठवलेले पत्र पोहोचते, तेव्हा युरोपात पहाट आणि अमेरिकेत रात्र असते; त्यामुळे लगेच उत्तराची अपेक्षा ठेवू नये. किमान आठवडाभर थांबून त्याच पत्राला उत्तर देऊन सौम्य आठवण करावी. मर्ज विंडोच्या काळात तेही टाळावे. आरसी-6 च्या सुमारास संमती पूर्ण झाली नसेल, तर पुढचे चक्र धरावे. पॅच स्वीकारले गेल्यावर ते लिनक्स-नेक्स्टमध्ये एकत्र बिल्ड होतात का, हे स्वतः तपासावे आणि मर्जमध्ये संघर्ष आढळला, तर तो कसा सोडवावा हे दोन्ही मेंटेनरांना एकाच पत्रात कळवावे, म्हणजे पुल रिक्वेस्ट (आपली ट्री मर्ज करण्याची विनंती) पाठवताना त्यांना ते तसेच नमूद करता येते.