भाड्याच्या घरावर बँकेची नोटीस लागली तर भाडेकरूने काय करावे

घरमालकाने कर्जाचे हप्ते थकवले की बँक सरफेसी कायदा, 2002 नुसार गहाण घराचा ताबा घेऊ शकते, आणि त्या घरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट बहुधा दारावर चिकटवलेल्या कागदावरूनच कळते. अशा वेळी घाबरून सामान बांधायला घेऊ नये आणि ‘हे मालकाचे प्रकरण आहे’ असे म्हणून कागदाकडे दुर्लक्षही करू नये.

प्रथम तो कागद नीट वाचावा आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. कलम 13(2) ची मागणी नोटीस असेल, तर मालकाला थकबाकी भरण्यासाठी 60 दिवस मिळालेले असतात. कलम 13(4) ची ताबा नोटीस असेल, तर तिच्यात ‘सांकेतिक ताबा’ लिहिले आहे की ‘प्रत्यक्ष ताबा’, हे पाहावे. सांकेतिक ताबा हा कागदोपत्री असतो, त्यामुळे कोणालाही तडकाफडकी बाहेर पडावे लागत नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम 14 खाली जिल्हाधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांकडून आदेश मिळवते. म्हणून वसुली एजंट दारात येऊन ‘दोन दिवसांत घर खाली करा’ असे सांगू लागला, तर त्याच्याकडे आदेशाची प्रत मागावी.

यानंतर आपला करार काढून बसावे, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. महाराष्ट्रात आज बहुतेक घरे 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती केवळ राहण्याची परवानगी असते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 59 नुसार मालमत्ता दुसऱ्याकडे गेली की नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. कलम 63 खाली मात्र घर सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत मागता येते. दरमहा वेळेवर भाडे भरणाऱ्याला हे अन्यायाचे वाटेल, आणि ते आहेही, परंतु खोट्या आशेवर राहण्यापेक्षा ही मुदत पदरात पाडून घेणे अधिक हिताचे आहे.

केवळ परवानगीवर नव्हे, तर भाडेपट्ट्यावर राहणाऱ्या, म्हणजे खऱ्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांची स्थिती अधिक भक्कम असते. घर गहाण पडण्याआधीपासूनची भाडेदारी असेल आणि ती पुराव्याने दाखवता येत असेल, तर बँकेला सरफेसीच्या जोरावर भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण डावलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले. गहाणानंतरच्या भाडेपट्ट्याला गहाणखताच्या अटी आणि गहाण घर भाड्याने देण्याच्या मालकाच्या अधिकाराबाबतचे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 65अ लागू होते. मागणी नोटिशीनंतर मात्र बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर भाड्याने देताच येत नाही. भाडेपट्टा तोंडी किंवा नोंदणी न केलेला असेल, तर त्यावर एक वर्षापेक्षा अधिक काळाचा हक्क सांगणे कठीण जाते.

मग नोटिशीवर नाव असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र द्यावे. त्यात आपण केव्हापासून राहतो ते लिहावे, कराराची प्रत, भाड्याच्या पावत्या आणि बँक खात्यातील नोंदी जोडाव्यात, यापुढील भाडे कोणाला द्यायचे ते विचारावे आणि आपल्याकडच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. उत्तर येईपर्यंत भाडे थांबवू नये. ते खात्यातूनच द्यावे, रोखीने नव्हे.

बँकेने आपली भाडेदारी मान्य केली नाही, तर सरफेसी कायद्याच्या कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यासाठी 45 दिवसांची मुदत आहे आणि ती हातची जाऊ देऊ नये. भाडेकरूचा दावा तपासण्याचा अधिकार 2016 च्या दुरुस्तीने कलम 17(4अ) मध्ये याच न्यायाधिकरणाला दिला आहे. कलम 34 मुळे अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाचा मार्ग बहुतांशी बंद असतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत.

डिपॉझिटचा प्रश्न सर्वांत जिव्हारी लागतो. लिलावाच्या पैशांतून आधी बँकेचे देणे फिटते, त्यामुळे डिपॉझिट मूळ मालकाकडूनच वसूल करावे लागते. नोटीस दिसताच मालकाला स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवावे, आणि तो ते भाड्यातून वळते करण्यास तयार असेल, तर तसे त्याच्या सहीने लिहून घेऊन बँकेलाही कळवावे. लिलावात घर घेणाऱ्याला तुम्ही तिथेच राहायला हवे असाल, तर जुन्या कराराच्या भरवशावर न राहता त्याच्याशी नवा करार करून तो नोंदवून घ्यावा.