फ्रान्समधल्या छोट्या गावाची जुनी लोकसंख्या कशी शोधावी

आधी गावाचा पाच अंकी इन्से कोड (इन्से म्हणजे फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था) मिळवा. पोस्टाचा पिनकोड चालत नाही, कारण तो अनेक गावांना एकच असतो. फ्रान्समध्ये एकाच नावाची गावंही पुष्कळ. म्हणून कोडचे पहिले दोन अंक, म्हणजे देपार्तमां (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), तपासाच.

आकडे 1801 च्या जनगणनेपासून मिळतात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा-दफन नोंदी पाहा. 1792 पासून त्या नगरपालिकेकडे आल्या. 1836 नंतरच्या घरनिहाय याद्या देपार्तमांच्या अभिलेखागारात असतात, आणि खरा खजिना तोच: कोण कुठल्या घरात, काय धंदा, सगळं कळतं.

लोकसंख्या अचानक दुप्पट दिसली, तर आधी शेजारचं गाव विलीन झालंय का ते बघा. 10,000 हून कमी वस्तीच्या गावांत आता पाच वर्षांतून एकदाच गणना होते.