जुनी चेनसॉ चालू होत नाही? आधी कम्प्रेशन मोजा

गार असताना दहा-पंधरा वेळा दोरी ओढल्यावर मशीन कशीबशी धरते. अर्धा तास लाकूड कापून बंद केली, की मग कितीही ओढा, ढिम्म. वापरलेल्या चेनसॉची ही नेहमीची तक्रार. गॅरेजवाला ताबडतोब कार्बोरेटर खोलतो. पण दोष कम्प्रेशनमध्ये, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जो दाब तयार करतो त्यात असेल, तर कार्बोरेटर दहा वेळा धुऊनही काही होणार नाही.

बाजारात मशीन बघतानाच अंदाज घेता येतो. स्विच बंद, चेनवर कव्हर, आणि मशीन स्टार्टरच्या मुठीला लटकवा. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली आली तर ठीक. सरळ घसरत आली तर पैसे काढू नका. डीकम्प्रेशनचं (दोरी सोपी ओढता यावी म्हणून दाब सोडणारं) बटण दाबलेलं असेल किंवा स्टार्टर स्प्रिंगचा, हलका ओढणारा असेल, तर या चाचणीवर विसंबू नये.

खरा निकाल गेज देतं. स्पार्क प्लग काढून १४ मिमी आट्याचं दाब मोजणारं गेज बसवा, चोक उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि काटा थांबेपर्यंत सात-आठ वेळा जोरात ओढा. १३० ते १६० पीएसआय म्हणजे तब्येत चांगली. ११०च्या आसपास गार मशीन चालू होईल, गरम झाल्यावर त्रास देईल. ९०च्या खाली आशा सोडा. लांब नळीचं, मोटारीचं गेज मात्र इथे फसवतं. त्याचा व्हॉल्व प्लगच्या टोकाशी नसेल, तर नळीतली हवाही दाबली जाते आणि चांगली मशीनसुद्धा ७०-८० दाखवते. चेनसॉचा दहनकक्ष तो केवढासा!

आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइलचे चार-पाच थेंब सोडून पुन्हा मोजा. आकडा बराच चढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. चढलाच नाही तर प्लगचं वॉशर, डीकम्प्रेशन व्हॉल्व आणि सिलिंडरचं गॅसकेट बघा. थेंब म्हणजे थेंबच. जास्त तेल ओतलं तर दहनकक्ष भरून आकडा उगाच फुगतो.

आता सायलेन्सर काढा. दोन-तीन बोल्टचं काम, पण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. दोरी हळू ओढत, टॉर्च मारून पिस्टनची बाजू बघा. ती गुळगुळीत हवी. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं होतं किंवा ऑइल कमी पडलं होतं. कार्बोरेटरच्या बाजूला ओरखडे म्हणजे एअर फिल्टरमधून भुसा-धूळ आत गेली. चारही बाजूंनी ओरखडे असतील, तर कुणीतरी नुसतं पेट्रोल घालून मशीन चालवली आहे.

पिस्टन खराब झाला म्हणून सिलिंडरही गेलाच असं नाही. आतल्या कठीण थरावर पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलेलं असतं. बारीक पॉलिश पेपरने ते निघतं. नखाला खाच लागत असेल किंवा थरच उडाला असेल, तर सिलिंडर बदला. रिंग तपासायची तर ती एकटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तोंडातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नव्या रिंगची फट साधारण ०.१५ ते ०.३ मिमी असते, अर्ध्या मिमीच्या पुढे गेली की बदलावी. स्वस्त चायना मशीनवर ५८ किंवा ६२ सीसीचं स्टिकर असतं, त्यावर पिस्टन मागवू नका. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, व्हर्नियरने मोजा, बहुतेकदा ४३ किंवा ४५.२ मिमी निघतो. बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर. पिन चुकली की सिलिंडर चढवताना रिंग तुटते. पिस्टनची आडवी पिन धरून ठेवणारी सर्क्लिप काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर उडालेली क्लिप शोधायला अख्खं इंजिन खोलावं लागेल.

पिस्टन का खरवडला, हे न शोधता नवा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. बहुतेक वेळा क्रँकचं ऑइल सील किंवा कार्बोरेटरमागचा रबरी बूट हवा ओढत असतो. इनटेक आणि सायलेन्सरची तोंडं रबराने बंद करून, प्लग घट्ट बसवून, अर्धा बार हवा भरा. अर्धा मिनिट काटा टिकला पाहिजे. पडला तर सीलवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. ऑइलचं प्रमाण मशीनवर लिहिल्याप्रमाणे ठेवा: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. मिश्रण महिन्याभराहून जुनं नको.

कम्प्रेशन चांगलं, तरी चालू होत नाही? सहा-सात ओढीनंतर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर टाकीतला फिल्टर, चिरलेली पेट्रोल नळी आणि कार्बोरेटरचा डायफ्राम तपासा. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तो कडक होतो. ओला असेल तर प्लग बाहेरच ठेवा, चोक उघडा, स्विच बंद, मशीन उलटी करून आठ-दहा वेळा ओढा, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. प्लगची फट ०.५ मिमी, कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.३ मिमी. ठिणगी गार मशीनवर नव्हे, ज्या वेळी ती रुसते त्याच वेळी, गरम असताना बघा; पण आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल नको. काही कॉइल तापल्यावरच दगा देतात. आणि सायलेन्सर काढलेलाच आहे, तर त्यातली जाळीही उजेडात धरून बघा. काजळीने बुजलेली असेल तर ब्रशने साफ करूनच बसवा.